चढ, माथा, उतार

नकाशावरची चारच राज्यं घेऊ: महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि तेलंगणा. सीमा लागून असलेल्या दोन राज्यांना एकच रंग द्यायचा नाही, ही भूगोलाच्या वहीतली जुनी अट. समजा, आपल्याकडे क इतके रंग आहेत. महाराष्ट्राला त्यांतला कुठलाही चालेल. कर्नाटकाला महाराष्ट्राचा रंग वर्ज्य, म्हणजे उरले क − १. गोव्याला हे दोघंही खेटून आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी क − २. तेलंगणाही या दोघांनाच लागून आहे, गोव्याला नाही. त्यालाही क − २. या चार संख्यांचा गुणाकार केला की हा नकाशा किती तऱ्हांनी रंगवता येतो ते कळतं. तीन रंग असतील तर ६ तऱ्हा, चार असतील तर ४८.

हाच गुणाकार उलगडून मांडला की एक बहुपदी मिळते, तिला रंगबहुपदी म्हणतात; तिचे सहगुणक येतात १, ५, ८, ४. त्यांच्याआधी अधिक-उण्याची चिन्हं आलटूनपालटून लागतात, ती तूर्त बाजूला ठेवू. यातला ५ ओळखीचा आहे: या चार राज्यांच्या आपसांतल्या सीमा मोजल्या तर पाचच भरतात. ८ आणि ४ इतक्या सहज ओळख देत नाहीत. पण चारही आकडे ओळीने वाचले तर आधी चढ लागतो, मग माथा, मग उतार. एकदा उतरायला लागलेली रांग पुन्हा वर जात नाही.

चार राज्यांच्या जागी चाळीस घ्या, किंवा नकाशा सोडून बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचं कुठलंही जाळं घ्या (गणितात त्याला आलेख म्हणतात), रांग अशीच वागते. रोनाल्ड रीड या ब्रिटिश गणितज्ञाने १९६८ साली रंगबहुपदींची ओळख करून देणारा एक लेख लिहिला, त्यात ही अटकळ मांडली. १९७४ मध्ये स्टुअर्ट हॉगर यांनी तिला आणखी कस लावला: रांगेतल्या कुठल्याही आकड्याचा वर्ग हा त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या गुणाकाराहून कमी नसावा. आपल्या उदाहरणात ५ चा वर्ग २५, शेजाऱ्यांचा गुणाकार ८. ८ चा वर्ग ६४, शेजाऱ्यांचा गुणाकार २०. या गुणाला लॉग-अंतर्वक्रता असं जडशीळ नाव आहे. तो असला की चढ-माथा-उतार आपोआप येतो.

अटकळ सांगायला नववीचं बीजगणित पुरतं. सिद्ध करायला चार दशकं गेली, आणि सिद्धता आली ती आलेखांच्या अभ्यासकांकडून नव्हे, तर ज्याला आलेखांचं गणित फारसं ठाऊकही नव्हतं अशा पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याकडून. त्याचं नाव जून हुह. या पुस्तकाचा विषय तो आणि त्याचं काम.

हुह यांची गोष्ट वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचलेली असेल. ५ जुलै २०२२ रोजी हेलसिंकीत त्यांना फील्ड्स पदक मिळालं, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. हे पदक चाळिशीच्या आतल्या गणितज्ञांनाच मिळतं, म्हणजे अगदी काठावर. त्या वर्षी त्यांच्यासोबत मारिना व्याझोव्स्का, जेम्स मेनार्ड आणि ह्यूगो द्युमिनिल-कोपँ हेही होते. पण मथळे गाजले ते हुह यांचे. कवी व्हायला शाळा सोडली, गणितात सुमार, आणि तरी सर्वोच्च पदक! अशी बातमी कुठला उपसंपादक सोडेल?

यातलं काहीही खोटं नाही. तरीही या गोष्टीचा सूर फसवा आहे. शाळा सोडलेला मुलगा म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र येतं, तसं हे घर नव्हतं. हुह यांचा जन्म ९ जून १९८३ चा, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचा, कारण आईवडील तिथे शिकत होते. मुलगा दोनेक वर्षांचा असताना कुटुंब सोलला परतलं. वडील पुढे कोरिया विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले, आई सोल राष्ट्रीय विद्यापीठात रशियन भाषा आणि साहित्य शिकवू लागली. पुस्तकांनी भरलेलं, विद्यापीठाच्या आवारात वावरणारं घर. मुलाने दोन-चार वर्षं चाचपडण्यात घालवली, तर ती सोसण्याची ऐपत आणि समज या घरात होती. आपल्याकडे अशा मुलाला शेजारपाजारचे ‘वाया गेला’ म्हणून मोकळे होतात. सोलमध्येही याहून फार वेगळं बोललं जात असेल असं नाही. स्पर्धेच्या बाबतीत तिथल्या शाळा आपल्या बारावीलाही मागे टाकतील.

गणिताशी वाकडं मात्र खरंच होतं. वडिलांनी घरी सरावाचं पुस्तक सोडवायला दिलं, तेव्हा जून मागची उत्तरं बघून उतरवायचा. वडिलांनी उत्तरांची पानंच फाडून घेतली. मग पठ्ठ्याने पुस्तकांच्या दुकानात जाऊन तेच पुस्तक शोधलं आणि उत्तरं तिथून उतरवून आणली. वडिलांनी नाद सोडला.

याच काळातला दुसरा एक प्रसंग अधिक बोलका आहे. ‘द इलेव्हन्थ अवर’ नावाच्या संगणकीय खेळात एक कोडं होतं. विचित्र आकाराचा लहानसा पट, त्यावर काळे आणि पांढरे घोडे; बुद्धिबळातल्या अडीच घरांच्या चालीने त्यांच्या जागांची अदलाबदल करायची. जून कित्येक दिवस घोडे हलवत बसला. मग त्याच्या लक्षात आलं की पटाचा आकार निव्वळ दिशाभूल करतो आहे. कुठल्या घरातून कुठल्या घरात उडी मारता येते, एवढंच पाहून घरं नव्याने मांडली की कोड्याचं कोडेपण संपतं. घरं म्हणजे बिंदू, उड्या म्हणजे रेषा. आलेखच तो. अर्थात तेव्हा त्याला यात गणित दिसलं नव्हतं.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कविता लिहायची, बाकी काही नाही. कविता म्हणाव्या तशा जमल्या नाहीत. शाळेबाहेरची पात्रता परीक्षा देऊन २००२ मध्ये तो सोल राष्ट्रीय विद्यापीठात दाखल झाला. विषय भौतिकी आणि खगोलशास्त्र, मनसुबा विज्ञान-पत्रकार होण्याचा. पदवीलाही नेहमीपेक्षा जास्त वर्षं लागली.

पदकानंतर कविता आणि गणित यांच्या अंतरीच्या नात्यावर बरंच गोड-गोड लिहिलं गेलं. ते नातं जोडायचंच असेल, तर त्याहून ठोस पुरावा आपल्या घरात आहे. छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या किती रचना होतात, हे मोजताना पिंगलाच्या परंपरेत मेरुप्रस्तार आला आणि दहाव्या शतकात हलायुधाने त्याचं स्पष्ट विवरण केलं. चार अक्षरांच्या चरणात एकही गुरू नसलेली रचना एक, एक गुरू असलेल्या चार, दोन असलेल्या सहा, तीन असलेल्या चार, सगळे गुरू असलेली एक. १, ४, ६, ४, १. चढ, माथा, उतार. आणि हॉगर यांची कसोटीही ही रांग पार करते. मेरूच्या प्रत्येक ओळीसाठी हे कागद-पेन्सिलने दाखवता येतं. रीड यांच्या रांगा इतक्या सरळ नव्हत्या.

सोलमध्ये हुह यांच्या विद्यार्थिदशेच्या शेवटच्या टप्प्यावर हेइसुके हिरोनाका पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. हिरोनाका म्हणजे १९७० चे फील्ड्स पदकविजेते. बहुपदींच्या समीकरणांनी बनलेल्या आकृतींमध्ये काही जागा बोचऱ्या असतात: कुठे टोक येतं, कुठे आकृती स्वतःलाच छेदते. अशा जागांना सिंग्युलॅरिटी म्हणतात. त्या पद्धतशीरपणे सोडवून आकृती गुळगुळीत कशी करता येते, हे त्यांनी १९६४ मध्ये दाखवलं होतं. एवढा मोठा माणूस शिकवणार म्हटल्यावर वर्ग खच्चून भरला. पण हिरोनाका पाठ्यपुस्तक शिकवेनात; त्यांच्या स्वतःच्या चालू संशोधनात जे काही चाललं असेल ते फळ्यावर यायचं, चुकत-माकत, कधी आदल्या दिवशीचं खोडून. थोड्याच आठवड्यांत वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी उरले. गणिताचे बहुतेक हुशार विद्यार्थी निघून गेले होते आणि पत्रकार होऊ पाहणारा हुह बसून होता.

तो का टिकला, याचं उत्तर त्याच्या तल्लखपणात शोधण्याचं कारण नाही. व्याख्यानातलं सगळं समजलंच पाहिजे, ही अपेक्षाच त्याला नव्हती. गणिताच्या विद्यार्थ्याला न समजणं टोचतं, अपमान वाटतो. याला हिरोनाकांची मुलाखत घ्यायची होती. तो त्यांच्याबरोबर जेवायला जाऊ लागला, प्रश्न विचारू लागला, त्यांच्यासोबत जपानला जाऊन आला. मुलाखतीच्या निमित्ताने सुरू झालेला हा सहवास वर्षभरात शागिर्दी होऊन बसला. सोलमध्येच पदव्युत्तर शिक्षण झालं, तेही सिंग्युलॅरिटींच्या अभ्यासात.

अमेरिकेतल्या डझनभर विद्यापीठांकडे अर्ज गेले. पदवीचे गुण बेतास बात, गणिताचे विषय मोजके. हिरोनाकांचं शिफारसपत्र होतं तरी नकारामागून नकार आले. एकाच ठिकाणी दार उघडलं, इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेनमध्ये. २००९ च्या शरद सत्रात हुह तिथे पोहोचले.

अर्बाना हे नाव रंगांच्या इतिहासात आधीच कोरलेलं होतं. लंडनच्या फ्रान्सिस गथ्रीला १८५२ मध्ये इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना वाटलं की कुठल्याही नकाशाला चार रंग पुरावेत. १९१२ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी रंगबहुपदी जन्माला घातली ती याच प्रश्नाला भिडण्यासाठी: त्या बहुपदीत क च्या जागी ४ घातल्यावर उत्तर कधीच शून्य येत नाही, एवढं दाखवलं की काम फत्ते. तसं झालं नाही. प्रश्न सुटला १९७६ मध्ये, केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांच्याकडून, संगणकाचे हजाराहून अधिक तास खर्ची घालून. आणि तेही याच अर्बानात. ‘चार रंग पुरतात’ अशी ओळ तिथला गणित विभाग आपल्या टपालावर छापू लागला. बर्कहॉफ यांची बहुपदी मात्र ज्या कामासाठी घडवली होती ते काम न करता मागे राहिली, आणि तिच्याभोवती नवेच प्रश्न गोळा होत गेले. रीड यांचा प्रश्न त्यांतला एक.

इथे जरा थांबून, हुह यांचं काम ज्यात मोडतं ते बैजिक कॉम्बिनेटोरिक्स हे प्रकरण काय आहे ते पाहायला हवं. कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे मोजण्याचं आणि रचनांचं गणित: किती तऱ्हा, किती जोड्या, अशी मांडणी शक्य आहे की नाही. असे प्रश्न बहुतेक वेळा एकेकटे येतात आणि प्रत्येकाची युक्ती वेगळी असते. त्यामुळे बराच काळ गणिताच्या दरबारात या विषयाला मागची रांग होती. बीजगणिताची जोड मिळाल्यावर परिस्थिती पालटली. ही जोड दोन वाटांनी आली आणि पहिल्या वाटेवर आपली माणसं आहेत. राजचंद्र बोस यांनी डेल मेस्नर यांच्यासोबत १९५९ मध्ये दाखवलं की शेतीच्या प्रयोगांसाठी आखलेल्या मांडण्यांमागे सारण्यांचं एक नेटकं बीजगणित दडलेलं असतं. बोस यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, नागपूरचे आणि नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे. त्यांनी त्याच साली १६ बिंदूंचा, प्रत्येक बिंदूला ६ शेजारी असलेला आलेख शोधला. जगभर तो श्रीखंडे आलेख म्हणूनच ओळखला जातो. ऑयलरची पावणेदोनशे वर्षं जुनी अटकळ बोस आणि श्रीखंडे यांनी अर्नेस्ट पार्कर यांच्यासह मोडीत काढली, तेही १९५९ मध्येच. पुढे बान्नाई आणि इतो यांनी १९८४ च्या ग्रंथाला बैजिक कॉम्बिनेटोरिक्स हेच नाव दिलं आणि त्यात विषय घेतला तो या वाटेचा.

दुसरी वाट जान-कार्लो रोटा यांची. इटलीत जन्मलेले, एमआयटीत शिकवणारे, तत्त्वज्ञानातही तितकेच रमणारे रोटा १९६४ पासून सांगत होते की मोजणीच्या सुट्या युक्त्यांखाली एक पाया आहे आणि तो शोधायला हवा. त्यांचे शिष्य रिचर्ड स्टॅन्ली यांनी १९८० मध्ये बहुफलकांच्या कोपरे-कडा-पृष्ठांच्या संख्यांबद्दलचा एक अवघड प्रश्न चक्क बैजिक भूमितीतलं एक खोल प्रमेय आणून सोडवला. मोजण्याचा प्रश्न, उत्तर भूमितीचं. हुह यांची वाट हीच. फरक एवढाच की स्टॅन्ली मोजणीकडून भूमितीकडे गेले आणि हुह भूमितीकडून मोजणीकडे आले.

ते आले कसे, हे सांगायचं तर पुन्हा १९६८ कडे जावं लागतं. रीड यांचा लेख ज्या वर्षी आला, त्याच वर्षी जॉन मिल्नर यांचं सिंग्युलॅरिटींवरचं एक छोटेखानी पुस्तक निघालं. बोचरी जागा किती बोचरी आहे हे सांगणारी एक संख्या त्यात होती: समीकरण तिथे अगदी किंचित हलवलं की आकृती गुळगुळीत होते, आणि त्या गुळगुळीत आकृतीत किती ‘पोकळ्या’ उरतात ते मोजायचं. तिला मिल्नर संख्या म्हणतात. मूळ आकृतीला कमी-कमी मितींचे छेद देत गेलं, तर प्रत्येक छेदाची एक याप्रमाणे संख्यांची रांग तयार होते. रीड आणि मिल्नर यांचे वाचक मात्र वेगळे होते. चाळीस वर्षांत हा लेख आणि ते पुस्तक एकाच टेबलावर फार कमी वेळा आले असतील.

हुह यांनी आलेखाच्या प्रत्येक बिंदूला एक चल दिला आणि प्रत्येक रेषेसाठी तिच्या दोन टोकांच्या चलांची वजाबाकी घेतली. आपल्या चार राज्यांच्या पाच सीमा, म्हणून वजाबाक्या पाच. त्या सगळ्यांचा गुणाकार शून्य होतो ती आकृती म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या पाच सपाट भिंती. त्या जिथे एकत्र येतात तिथे सिंग्युलॅरिटी. आता या जागेच्या मिल्नर संख्यांची रांग काढली, आणि रंगबहुपदीतून क − १ हा ठरावीक अवयव काढून टाकला, तर दोन्हीकडे तेच आकडे मिळतात. आपल्या बाबतीत १, ४, ४. आणि छेदांतून येणाऱ्या अशा रांगा लॉग-अंतर्वक्र का असतात, याचं इंगित भूमितीला १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होतं. बर्नार तेसिए आणि अस्कोल्ड खोवान्स्की यांच्या असमानतांमध्ये ते आहे. काढलेला अवयव परत गुणला तरी गुण टिकतो. रीड आणि हॉगर, दोघांच्याही अटकळी एकदम सुटल्या.

हे वाचायला सोपं वाटत असेल तर तो गैरसमज प्रस्तावनेचा आहे. खरा लेख ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये २०१२ साली आला आणि तो सोपा नाही. पण त्याचा कणा एवढाच आहे. कोणी नवं हत्यार घडवलं नव्हतं. एका दालनातलं हत्यार दुसऱ्या दालनात नेलं होतं, आणि ते नेणाऱ्याला ही दालनं वेगळी मानायची सवयच लागली नव्हती. वर्तमानपत्रांतल्या ‘उशिरा सुरुवात’ या सदराखाली जे येतं, त्यातली कामाची बाब ही आहे. हुह उशिरा आले म्हणून यशस्वी झाले असं नाही. ते सरळ रस्त्याने आले असते तर पहिल्या दोन वर्षांतच त्यांच्यावर एका दालनाचा शिक्का बसला असता, आणि आलेखांची मंडळी व सिंग्युलॅरिटींची मंडळी एकमेकांचे लेख वाचत नाहीत हे त्यांनीही मुकाट मान्य केलं असतं.

बातमी पसरली. मिशिगन विद्यापीठाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं; याच विद्यापीठाने त्यांचा अर्ज आधी नाकारला होता. २०११ मध्ये ते तिथेच दाखल झाले आणि मिर्चा मुस्टात्सा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१४ मध्ये पीएचडी झाले. पुढची पायरी क्ले संस्थेची संशोधनवृत्ती, प्रिन्स्टनमध्ये. मग प्रिन्स्टनमधल्याच इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीतली वर्षं, थोडा काळ स्टॅनफर्ड आणि २०२१ पासून प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापकी. या नेमणुकांची यादी कुठल्याही यशस्वी गणितज्ञाची असते तशीच आहे. त्या वर्षांत वहीत काय चाललं होतं, ते अधिक रंजक आहे.

रीड यांची अटकळ एका मोठ्या अटकळीचा कोपरा होती. १९३५ मध्ये हॅस्लर व्हिटनी यांच्या लक्षात आलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नियमांनी चालतात. सदिशांच्या संचात काही सदिश ‘परावलंबी’ असतात, म्हणजे इतरांवरून मिळवता येतात. आलेखातही रेषांचं वर्तुळ पूर्ण झालं की शेवटची रेषा अशीच फाजील ठरते. व्हिटनी यांनी फक्त परावलंबनाचे नियम ठेवले, सदिश आणि आलेख दोन्ही टाकून दिले, आणि उरलेल्या सांगाड्याला मॅट्रॉइड म्हटलं. प्रत्येक मॅट्रॉइडला स्वतःची बहुपदी असते. तिच्याही सहगुणकांची रांग लॉग-अंतर्वक्र असते, असं रोटा, हेरॉन आणि वेल्श यांनी १९७० च्या दशकात सुचवलं होतं.

एरिक कॅट्झ यांच्यासोबत हुह यांनी सदिशांपासून आलेल्या मॅट्रॉइडांपुरती ही अटकळ लवकरच मार्गी लावली. अडचण पुढे होती. नियमांनी बनलेला प्रत्येक मॅट्रॉइड सदिशांपासून येतोच असं नाही. फानो प्रतलात सात बिंदू आणि सात रेषा असतात, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून तीन रेषा; ते कागदावर काढायला गेलं तर एक रेषा वाकवावीच लागते. ज्या संख्याजगात एक अधिक एक शून्य होतं, तिथे ते सरळ रेषांनी बसतं. आठ घटकांचा व्हामोश मॅट्रॉइड तर कुठल्याही संख्याजगात बसत नाही. आणि हे अपवाद नाहीत: पीटर नेल्सन यांनी २०१८ मध्ये सिद्ध केलं की घटक वाढत जातात तसतसे जवळजवळ सगळेच मॅट्रॉइड असे बेघर असतात. जिथे आकृतीच नाही तिथे सिंग्युलॅरिटी कुठली आणि छेद कसले?

कॅट्झ आणि करीम ॲडिप्रासिटो यांच्याबरोबर हुह यांनी जे केलं ते या पुस्तकाचं केंद्र आहे. बैजिक भूमितीत गुळगुळीत आकृतीचा एक ‘हिशेब’ असतो: तिच्यातल्या उपआकृती एकमेकींना कशा छेदतात, याचं बीजगणित. विल्यम हॉज यांच्या काळापासून माहीत आहे की हा हिशेब तीन कडक नियम पाळतो, आणि त्यांतल्या शेवटच्या, हॉज-रीमान संबंधांतून लॉग-अंतर्वक्रता बाहेर पडते. नियमांच्या जुन्या सिद्धतांना खरी आकृती लागते. या तिघांनी मॅट्रॉइडवरून थेट हिशेबच मांडला आणि आकृतीशिवाय तिन्ही नियम सिद्ध केले. कधी उघडलंच नाही अशा दुकानाच्या खतावण्या, आणि त्या पैपर्यंत जुळतात! पीटर मॅकमुलन यांनी १९९३ मध्ये बहुफलकांसाठी अशा धर्तीचं काम केलं होतं, त्याची प्रेरणा इथे स्पष्ट आहे: एका सोप्या रचनेपासून निघायचं, लहान-लहान बदल करत हव्या त्या मॅट्रॉइडपर्यंत पोहोचायचं, आणि प्रत्येक बदलात नियम मोडत नाहीत हे तपासायचं. लेख २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला, ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये २०१८ ला छापून आला. तेव्हा हुह यांच्या पीएचडीला जेमतेम चार वर्षं झाली होती.

त्यांची कामाची रीत या वेगाशी जुळत नाही. दिवसाला साधारण तीन तासच नेटाने काम होतं, असं ते स्वतः सांगतात. बाकीचा वेळ घर, फेरफटका, वाचन. संशोधनाच्या क्षेत्रात रात्रंदिवस राबण्याचा जो टेंभा मिरवला जातो, त्याला यातून कुणी उत्तर काढू नये, कारण तीन तासांची ही चैन सगळ्यांना परवडणारी नाही. मात्र हुह बहुतेक मोठं काम जोडीने किंवा चमूने करतात, आणि लेखांवर अनेकदा एकाहून जास्त नावं असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकट्या अवलियाच्या प्रतिमेत ही नावं हरवतात.

पाच नावांचा असाच एक लेख २०२० चा. त्यामागचा प्रश्न कुणालाही कागदावर तपासता येईल. प्रतलात काही बिंदू घ्या, सगळे एका रेषेवर नकोत. प्रत्येक दोन बिंदूंतून रेषा काढा. रेषांची संख्या बिंदूंच्या संख्येहून कधीच कमी भरत नाही. द ब्रॉईन आणि एर्डोश यांनी १९४८ मध्ये हे सिद्ध केलं. अवकाशात गेलं तर तीच गोष्ट बिंदू आणि प्रतलांची. कुठलेही चार एका प्रतलात नाहीत असे पाच बिंदू घेतले तर रेषा १० आणि प्रतलंही १०. थॉमस डाउलिंग आणि रिचर्ड विल्सन यांनी १९७० च्या दशकात सगळ्या मितींसाठी आणि सगळ्या मॅट्रॉइडांसाठी म्हटलं की वरच्या थरातली गर्दी खालच्या जोडीदार थराहून कमी नसते. सदिशांपुरतं उत्तर हुह आणि बोटोंग वांग यांनी २०१७ मध्ये दिलं. पूर्ण उत्तरासाठी टॉम ब्रेडन, जेकब मॅथर्न आणि निकोलस प्राउडफूट सोबतीला आले. या थरांच्या रांगेतही चढ-माथा-उतार असावा, अशी रोटा यांची आणखी एक अटकळ आहे. निम्म्या रांगेपर्यंतचा चढ या कामातून सिद्ध झाला आहे. त्यापुढचं अजून खुलं आहे.

अलीकडचा धागा स्वीडनच्या पेत्तेर ब्रेंडेन यांच्याबरोबरचा. हॉजच्या नियमांचं सगळं अवजड सामान बाजूला ठेवून त्यांतला नेमका उपयोगी अंश बहुपदींच्या भाषेत सांगता येईल का? दोघांनी लोरेन्ट्झियन बहुपदी मांडल्या आणि मेसन यांची १९७२ ची अटकळ तिच्या सर्वांत कडक रूपात सोडवली. त्याच सुमारास नीमा अनारी, क्वीकुई लिऊ, शायान ओव्हेस घरान आणि सिंथिया विन्झांट हे चौघे संगणकशास्त्राच्या बाजूने याच ठिकाणी स्वतंत्रपणे पोहोचले. त्यांना हवं होतं ते वेगळंच: प्रचंड आलेखातून सगळे बिंदू जोडणारं, पण वर्तुळ न करणारं एखादं जाळं निव्वळ नशिबाने, कुणालाही झुकतं माप न देता, झटपट निवडायचं कसं. मिलेना मिहाइल आणि उमेश वझिरानी यांची १९८० च्या दशकातली या प्रश्नाशी जोडलेली अटकळही त्यातून सुटली.

वाचकाने बैजिक भूमितीच्या धास्तीने पहिली तीन प्रकरणं ओलांडू नयेत. त्यांत वजाबाकी, गुणाकार आणि रंगांच्या पेन्सिलींखेरीज काही लागत नाही. चौथ्यात मॅट्रॉइड येतात, आणि तिथे सुरुवात व्हिटनी यांच्या १९३५ च्या लेखापासून केली आहे.